माळ्यावर जाणारी यंत्रं आणि तिथून खाली येणारी

सांडशी

दिवाळीचे सेल लागले की "रोटीमेकर घेऊ का?", "एअर फ्रायर कसा आहे?" असे धागे निघतात आणि खाली "मस्त आहे, घ्याच" किंवा "पैसे पाण्यात" एवढंच लिहिलेलं असतं. या धाग्यात यंत्र आत नेमकं काय करतं, कुठे अडतं आणि का, हे लिहूया. ब्रँडची भांडणं नकोत.

सुरुवात रोटीमेकरपासून, कारण माळ्यावर सगळ्यात लवकर तोच जातो.

दोन तापलेल्या थाळ्या, मध्ये कणकेचा गोळा, दांडा दाबला की पोळी तयार, अशी जाहिरात असते. पोळपाटावर कणीक हळूहळू ताणते. इथे एका दणक्यात दाबली जाते आणि थाळीला टेकताक्षणी तिचा वरचा पापुद्रा शिजतो. शिजलेला पापुद्रा पुढे पसरत नाही, म्हणून मधे जाड, कडेला कडक, आणि दांडा सोडला की पोळी आक्रसते. नेहमीची कणीक वापरली तर हे होणारच. एक वाटी कणकेला एरवी साधारण अर्धी वाटी पाणी लागतं, इथे पाऊण वाटीच्या जवळ जावं लागतं, तेही कोमट. वर किमान अर्धा तास मुरवायची. इतकी सैल की हाताला चिकटेल, तेलाचा हात लावूनच गोळा करायचा. गोळा बरोबर मधे न ठेवता बिजागरीकडे थोडा सरकवायचा, कारण दाबल्यावर कणीक दांड्याच्या बाजूला पळते. दाब दीड-दोन सेकंदांचा, लगेच सोडायचा. जास्त धरलात तर आतली वाफ वाट काढते आणि पोळी फाटते.

एवढं सगळं साधलं तरी मिळतो तो फुलका. घडीची पोळी यावर होत नाही. तेल-पीठ लावून घडी घातलेला त्रिकोण दाबला की पदर सुटे राहण्याऐवजी एकमेकांत बसतात. आणि फुलकासुद्धा गरम असेपर्यंतच खरा. डब्यात नेला की दुपारी वातड.

भाकरतुकडा

ज्वारीच्या भाकरीचं कोणी विचारायच्या आत लिहितो. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे थंड पाण्यात भिजवलेलं पीठ दाबलं की कडेला तडे जाणारच. उकड काढली तर जमतं: एक वाटी पीठ, एक वाटी उकळतं पाणी, झाकून दहा मिनिटं, मग गरम असतानाच तळव्याने चांगलं मळायचं. पण मग तापलेली थाळी हवी कशाला? साधा पुरीप्रेस, त्यात प्लॅस्टिकचे दोन गोल कागद, दाबून थेट तव्यावर. हातभर भाकरी होणार नाही, तळहाताएवढी होईल.

पुरीप्रेस हे माझ्या मते विकत घेण्यासारखं यंत्र आहे. पुरीची कणीक घट्ट असते, ती आक्रसत नाही. कोरडं पीठ लावावं लागत नाही, म्हणून कढईच्या तळाशी पीठ जळून तेल काळं होत नाही. घेताना बिजागरीची खीळ बघा. पातळ पत्र्याची असेल तर शंभर पुऱ्यांत वाकते आणि मग पुरी एका बाजूला जाड येते.

हवाबाण

एअर फ्रायरवर सविस्तर, कारण यात नावानेच घोटाळा केला आहे. हा फ्रायर नव्हे. ही पंखा लावलेली छोटी भट्टी आहे. वर कॉइल, कॉइलच्या वर पंखा, खाली जाळीची टोपली. साधारण १२०० ते १७०० वॉट. जागा लहान म्हणून लवकर तापतो, एवढाच मोठ्या भट्टीपेक्षा फायदा.

तेल आणि हवा दोन्ही १८० अंशांवर असली तरी तेल पदार्थाला कितीतरी वेगाने उष्णता देतं. म्हणून भजी तेलात तीन-चार मिनिटांत होतात. डाळीच्या पिठाचं सैल पीठ तेलात पडताक्षणी कवच धरतं. टोपलीत ते कवच धरायच्या आधी जाळीतून गळतं, उरलेलं भाकरीसारखं कोरडं भाजतं. यात कांदाभजी, बटाटेवडा होत नाहीत. कितीही तेल फवारा.

मग जाहिरातीतले फ्रेंच फ्राइज कसे होतात? फ्रोझन पाकिटातले फ्राइज कारखान्यात आधीच एकदा तळलेले असतात. पाकिटावर घटक वाचा, तेल लिहिलेलं सापडेल.

यात चांगलं काय होतं: ज्याचा आकार आधीच पक्का आहे ते. उकडलेली कोथिंबीर वडी आणि अळूवडी, पूर्ण गार करून कापलेली, दोन्ही बाजूंना ब्रशने तेल लावून १८० ला १२ ते १५ मिनिटं, मधे एकदा उलटायची. सुरणाचे काप चिंचेच्या पाण्यात उकडून मग रवा लावून. शेंगदाणे तर कढईपेक्षा चांगले: पाव किलो, १६० ला १० ते १२ मिनिटं, दर तीन-चार मिनिटांनी टोपली हलवायची. बाहेर काढल्यावरही ते आतल्या उष्णतेने भाजत राहतात, म्हणून हवे त्यापेक्षा एक छटा आधी काढा. आणि कालचा समोसा, पॅटिस परत खुसखुशीत करायला याला तोड नाही. मायक्रोवेव्हमध्ये तोच समोसा गिळगिळीत होतो, कारण मायक्रोवेव्ह आतलं पाणी तापवून वाफ कवचात पाठवतो.

चुका दोनच होतात. टोपली काठोकाठ भरणे: हवा फिरलीच नाही तर वरचा थर करपतो, खालचा उकडतो. दुसरी म्हणजे पापड. उडदाचा सुटा पापड पंख्याच्या ओढीने उडून कॉइलला चिकटू शकतो. वर स्टीलची जाळी ठेवा, नाहीतर गॅसवर भाजा, तिथे तीस सेकंदांचं काम आहे.

नवी विटी

@हवाबाण, घरात पंखा असलेला ओटीजी (विजेची भट्टी) आहे. मग एअर फ्रायर घ्यावा का?

हवाबाण

नको. कन्व्हेक्शन, म्हणजे आतला पंखा, चालू करा, ट्रेऐवजी जाळी वापरा, वेळ दोन-चार मिनिटं वाढवा. जाळीखाली ट्रे ठेवायला विसरू नका, नाहीतर तेल खालच्या कॉइलवर गळतं.

खलबत्ता

यंत्र बिघडल्यावर माळ्यावर जातं, आणि पुष्कळदा बिघाड किरकोळ असतो. मिक्सरचंच घ्या.

मिक्सर घरघरतो पण पातं फिरत नाही: खालचा दातेरी कपलर, म्हणजे भांडं मोटरला जोडणारी चकती, झिजला. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, पातं अडकलं तर मोटरऐवजी तो तुटावा म्हणून. स्वस्तात मिळतो, पण बऱ्याच मॉडेलांत त्याचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावलात तर सुटण्याऐवजी अजून घट्ट बसेल.

मिक्सर अचानक मुका झाला: बुडाशी लाल बटण असतं, ओव्हरलोडचं. पाच-दहा मिनिटं गार होऊ द्या, मग दाबा. लगेच दाबून परत चालवला की मोटरची वाइंडिंग तापत जाते. मोटरच्या पट्टीवर रेटिंग असतं, बहुतेकांचं पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद. ओलं खोबरं आणि भिजवलेली डाळ सलग वाटताना हे कोणी पाळत नाही.

भांड्याखाली काळपट पाणी दिसलं: पात्याच्या दांडीभोवतीची नळी (बुश) आणि सील गेलं. हे पुढे ढकलू नका. पाणी कपलरवाटे मोटरच्या बेअरिंगपर्यंत पोहोचतं, आणि ती काळी घाण उलट वाटणातही उतरते. भांडं नवं घ्यावं लागत नाही, बुश-पात्याचा संच बदलून मिळतो.

आता इडलीचं पीठ. मिक्सरमध्ये उडीद वाटताना पातं कापतं आणि तापवतं. ग्राइंडरचे दगड सावकाश चिरडतात, पिठात हवा धरली जाते, पीठ गार राहतं. म्हणून ग्राइंडरला चार वाट्या तांदळाला एक वाटी उडीद पुरतो, मिक्सरला तीनास एक घ्यावा लागतो. मिक्सरच वापरायचा तर बर्फाचं पाणी घाला, थोडं थोडं वाटा आणि भांडं निम्म्याच्या वर भरू नका. कोईमतूरच्या वेट ग्राइंडरला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, उगाच नाही. पण दोन माणसांच्या घरात, महिन्यातून एकदा इडली, तर दोन लिटरचं ते धूड उचलून धुण्यापेक्षा मिक्सर बरा.

कटाची आमटी

पुरणयंत्राचं काय? हल्ली सगळे पुरण मिक्सरमधून फिरवतात.

सांडशी

फिरवतात आणि मग पोळी फुटते म्हणून धागा काढतात :)

पुरणयंत्र वाटत नाही, गाळतं. जी डाळ कच्ची राहिली ती जाळीच्या वरच राहते. मिक्सर तीच डाळ बारीक कण्यांत तोडून पुरणात मिसळून देतो. लाटताना पोळी जिथे फुटते तिथे बघा, कणीच असते.

एक वाटी हरभरा डाळ दोन तास भिजवून तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद, चमचाभर तेल घालून कुकरला. डाळ बोटांत चेपली की पूर्ण पीठ झाली पाहिजे. चाळणीवर ओतून कट पूर्ण निथळू द्यायचा, निदान पंधरा मिनिटं. इथे घाई केली की पुरण सैल राहतं आणि मग ते आटवता आटवता चिकट होतं. पाऊण ते एक वाटी चिरलेला गूळ. उलथनं मधोमध उभं केलं तर पडायला नको, तोवर घोटायचं. आणि लगेच, कढत असतानाच यंत्रातून काढायचं. गार पुरण आवळतं, मग दांडा फिरवताना यंत्राचे पाय ओट्यावर नाचतात. आवळलंच असेल तर चमचाभर दूध शिंपडून परत कोमट करा. यंत्र त्याच मिनिटाला गरम पाण्यात टाका. जाळीत वाळलेलं पुरण सुईने काढायची वेळ येते.

कटाची आमटी

धन्यवाद. थोडा असहमत. डाळ गुळाआधी यंत्रातून काढली तर जोर निम्मा लागतो, आणि गूळ नंतर घालून घोटता येतो.

सांडशी

तेही बरोबर. फक्त गूळ गाळून घ्या मग. नंतर घातलेल्या गुळातली कचकच गाळायला पुढे कोणी नसतं.

ताटाभोवती रांगोळी

थोडं अवांतर. यंत्रांसारखेच पदार्थही माळ्यावर जातात. लग्नाच्या बुफेतलं फ्रूट सॅलड, रशियन सॅलड, अननसाचं रायतं, वर लाल चेरी. कुठे गेलं हे सगळं? आणि घरी फ्रूट सॅलड केलं की दुसऱ्या दिवशी कडू का होतं, हे कोणी सांगेल का?

दुधावरची साय

अवांतर कसलं, हा तर खरा विषय. कडू होतं ते अननसामुळे. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं आणि ते तुकडे कडू लागतात. डब्यातल्या अननसाने हे होत नाही, कारण डबाबंद करताना तो तापवलेला असतो आणि एन्झाइम मेलेलं असतं. ताजाच वापरायचा तर फोडी साखर घालून पाच मिनिटं उकळा, पूर्ण गार करा, मग घाला. किवी आणि पपई याच जातीचे गुन्हेगार. अननसाचं रायतं वाढायच्या आयत्या वेळी कालवायचं, यामागेही हेच.

हाच प्रकार जेलीत. जिलेटिन हे प्रथिन आहे, त्यात कच्चा अननस घातला तर ते जमतच नाही. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून होतं, ते प्रथिन नाही, म्हणून तिथे ही अडचण नाही. चायना ग्रास मात्र थेट दुधात टाकू नका. दहा ग्रॅम काड्या दोन वाट्या पाण्यात भिजवून, उकळून पूर्ण विरघळवा, गाळा आणि ते कढत पाणी तितक्याच गरम दुधात ओता. गार दुधात ओतलं की तिथल्या तिथे जमून दोरे होतात.

आता कस्टर्ड. आल्फ्रेड बर्ड या इंग्रज माणसाने १८३७ मध्ये अंडं न चालणाऱ्या बायकोसाठी ही पावडर केली. आपल्याकडे पुण्याच्या वीकफील्डच्या डब्याने ती घराघरात नेली. डब्यात मुख्यतः कॉर्नफ्लोअर, रंग आणि व्हॅनिलाचा वास. अर्धा लिटर दुधाला दोन मोठे चमचे लिहिलेले असतात, ते घट्ट पुडिंगला. फ्रूट सॅलडला दीड पुरतो. थंड दुधातच कालवा. गरम दुधात टाकली तर गुठळीच्या बाहेरचा थर शिजतो आणि आत कोरडं पीठ अडकतं. दूध उकळीला आलं की बारीक धार, आणि नंतर दोन-तीन मिनिटं शिजवायचंच, नाहीतर पिठूळ चव जात नाही. पातेलं पाण्यात ठेवून ढवळत गार करा म्हणजे साय धरत नाही.

आणि एक गंमत: घट्ट कस्टर्ड वाडग्यातूनच थोडं खाऊन उष्टा चमचा त्यात राहिला तर तासाभरात ते पाणी होतं. लाळेतलं एन्झाइम स्टार्च तोडतं. "मी नाही खाल्लं" म्हणणारा असा पकडला जातो.

भाकरतुकडा

आणि ती चेरी? बहुतेक वेळा चेरी नसतेच. करवंदं बी काढून, पाकात मुरवून, लाल रंग देऊन 'चेरी' म्हणून विकली जातात. टूटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई. कोकणच्या करवंदाला काश्मीरचं तिकीट.

दुधावरची साय

रशियन सॅलड मूळ मॉस्कोचं. ऑलिव्हिए नावाच्या आचाऱ्याने १८६० च्या दशकात हर्मिटेज रेस्तराँत केलेलं, तेव्हा त्यात मांस होतं. आपल्या बुफेपर्यंत पोहोचता पोहोचता बटाटा, गाजर, मटार आणि बिनअंड्याचं मेयॉनीज उरलं. ते मेयॉनीज घरी होतं: १०० मिलि दूध, अर्धा चमचा मोहरी पूड, मीठ, २०० मिलि बिनवासाचं तेल, सगळं उंच अरुंद भांड्यात, सारख्याच तापमानाला. हँड ब्लेंडर तळाला टेकवून चालू करायचा आणि घट्ट होईपर्यंत उचलायचा नाही. चमचाभर लिंबू शेवटी. सॅलडला पाणी सुटतं ते भाज्या गरम असताना कालवल्यामुळे. उकडून पंचावर पसरा, कोरड्या होऊ द्या. गरम बटाट्यावर मेयॉनीज फुटतं आणि तेल वर येतं.

तिखटमीठ

मंचुरियन राहिलं. तो मात्र माळ्यावर गेलाच नाही. १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग यांनी चिकनचा केला असं मानलं जातं. मग फुलकोबी, मग कोबीचे गोळे, आता गाडीवर वडापावशेजारी. गोळे तेलात फुटतात कारण कोबीला मीठ लागल्यावर पाणी सुटतं. आधी मीठ लावून दहा मिनिटांनी पिळा, मग मैदा दोन भाग, कॉर्नफ्लोअर एक भाग, जेमतेम बांधला जाईल इतकाच. रश्शात गोळे वाढायच्या आधी दोन मिनिटं. आधीच टाकले तर कढीतले गोळे होतात.

खलबत्ता

माळ्यावरून खाली येणाऱ्यांचंही लिहा की. बिडाचे तवे, पितळेची पातेली आता दुकानात काचेच्या कपाटात दिसतात.

पितळ घ्यायचं तर कल्हईवाला कुठे बसतो ते आधी शोधा. बिनकल्हईच्या पितळेत ताक, चिंचेचं सार, आंबट वरण ठेवलं की कळकतं. कल्हई म्हणजे कथिलाचा थर, आणि कथील २३२ अंशांना वितळतं. रिकामं पातेलं मोठ्या आचेवर विसरलात किंवा त्यात कोरडं भाजलंत, तर थर वितळून तळाशी मणी होतात. आधी पाणी किंवा तेल, मग आच. आत लालसर-पिवळं दिसू लागलं की परत कल्हई.

नवी विटी

बिडाचा तवा आणलाय. तेल लावून लावून तापवला, तरी वरून चिकटच लागतो आणि घावन निघत नाही. परत करू का?

सांडशी

नका करू. तेल जास्त झालंय. जाड थर आतपर्यंत पक्का होत नाही, वर गोंदासारखा राहतो. गरम पाणी, साबण आणि घासणीने चिकटपणा काढा. गॅसवर पूर्ण कोरडा करा. अर्धा चमचा तेल सगळीकडे चोळा, मग स्वच्छ फडक्याने असं पुसा जणू चुकून लागलं होतं. मध्यम आचेवर धूर येऊन थांबेपर्यंत ठेवा, गार करा. हे चार-पाच वेळा, खिडकी उघडी ठेवून.

घावन निघत नाही त्याचं अर्धं कारण आच. बीड उष्णता सावकाश पसरवतं. मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं तापू द्या, पाण्याचा थेंब नाचला पाहिजे. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवा, फिरवा, मग पीठ कडेकडून मधे ओता. झाकण ठेवा, कडा आपोआप सुटेपर्यंत उलथनं घालू नका. पहिले दोन-तीन दिवस फक्त घावन, आंबोळी, थालीपीठ. टोमॅटो, कोकम, चिंच अजिबात नको, आंबटाने थर उतरतो.

नवी विटी

इंडक्शनवर चालेल का?

खलबत्ता

बूड सपाट असेल तर चालेल. एकदम पूर्ण पॉवरवर नको, कमीवर सुरू करून पाच मिनिटांत वाढवा, नाहीतर मधला भाग आधी फुगून तडा जाऊ शकतो. आणि तापलेल्या बिडावर गार पाणी ओतू नका. काचेवर ठेवताना उचलून ठेवा, सरकवला की चरे पडतात.